न पाळलेल्या वचनाची बाजू

अमेरिकेची राज्यघटना म्हणजे गुलामांच्या मालकांनी आपसात केलेला सौदा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. राज्यशास्त्र शिकवताना मी ते वर्गात मांडलं, व्याख्यानांतून मांडलं, आणि कुणी जेफरसनचं नाव आदरानं घेतलं की वाद घालून मांडलं. आज ते मत जसंच्या तसं माझ्याजवळ उरलेलं नाही. ते कशानं हललं आणि किती हललं, हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी जुन्या मताची बाजू सांगतो, कारण ती लंगडी नव्हती. 1787च्या उन्हाळ्यात घटना लिहायला फिलाडेल्फियात 55 प्रतिनिधी आले. त्यांतले निम्म्याच्या आसपास स्वतः गुलाम बाळगून होते. आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही या अटीवर जवळजवळ चार महिने काम चाललं, आणि 17 सप्टेंबरला 39 जणांनी सह्या केल्या. त्या कागदात गुलामगिरीला सांभाळून घेणारी तीन कलमं होती. पहिलं, प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना राज्यातल्या गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश लोकसंख्येत धरायचे. गुलामाला तीन पंचमांश माणूस मानलं, असं या कलमाबद्दल सर्रास बोललं जातं. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. मोजणीपुरता तो मालकांना पूर्ण माणूस हवा होता, कारण त्याला मत द्यायचं नव्हतं आणि त्याच्या जिवावर यांच्या जागा मात्र वाढणार होत्या. दुसरं, बाहेरून गुलाम आणण्याच्या व्यापारावर 1808पर्यंत बंदी घालायची नाही आणि तोवर या कलमाला हातही लावायचा नाही. तिसरं, एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो मालकाच्या हवाली करायचा. दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी घरी परतल्यावर आपल्या विधिमंडळाला उघड सांगितलं की पळालेले गुलाम अमेरिकेत कुठूनही परत आणण्याचा हक्क आपल्याला आजवर नव्हता, तो आता मिळाला आहे.

आणि जेफरसन. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, हे 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य त्यांचं. आयुष्यभरात मालकीची म्हणून बाळगलेली माणसं सहाशेहून अधिक. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, याहून मोठं उदाहरण मला इतिहासात सापडत नव्हतं.

मला ढोंगाची चीड आहे, तेव्हाही होती. समतेवर तासभर बोलून घरी आलेल्या माणसाला वेगळ्या कपात चहा देणारे लोक मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यामुळे त्या काळातला माझा माणूस म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीतले नेते विल्यम लॉइड गॅरिसन. 4 जुलै 1854 रोजी, स्वातंत्र्यदिनीच, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी भरसभेत त्यांनी घटनेची प्रत जाळली. जेमतेम महिन्यापूर्वी अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या तरुणाला बोस्टनमधून सैनिकांच्या पहाऱ्यात परत गुलामीत पाठवलं होतं. बायबलच्या भाषेत गॅरिसन या घटनेला मृत्यूशी केलेला करार म्हणत. गॅरिसनच्या बाजूनं भक्कम पुरावाही होता. घटना समितीतल्या चर्चेची जेम्स मॅडिसन यांनी ठेवलेली टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर 1840मध्ये छापली गेली, आणि गॅरिसनचे सहकारी वेंडेल फिलिप्स यांनी 1844मध्ये त्यांतलेच उतारे काढून, हा सौदा कसा ठरला ते लोकांसमोर ठेवलं. बंद दाराआडचं बोलणं चव्हाट्यावर आलं होतं. आणखी काय हवं होतं?

पहिला धक्का मला स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातल्या निकालानं दिला. 6 मार्च 1857चा हा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या माथ्यावरचा कलंक म्हणून सगळेच सांगतात. मीही सांगत असे, पण सारांश वाचून. पूर्ण निकालपत्र पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांच्या युक्तिवादातल्या एका टप्प्यावर मी थबकलो. टॉनी असं मांडतात की जाहीरनाम्यातले शब्द वरवर पाहता सगळ्या मानवजातीला लागू पडतील असे आहेत खरे, पण ते लिहिणारे थोर पुरुष होते. काळ्या लोकांचा त्यांत समावेश करायचा असता तर स्वतः गुलाम बाळगून त्यांनी आपल्याच शब्दांना हरताळ फासला असता. थोर माणसं असं करणार नाहीत. म्हणजे त्या शब्दांत काळे लोक अभिप्रेत नव्हतेच. म्हणून काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही.

मी ते पान दोनदा वाचलं. लिहिणाऱ्यांची वागणूक पाहा आणि त्यावरून शब्दांचा अर्थ ठरवा, ही माझीच पद्धत होती. मी त्यातून जेफरसनची निंदा काढत होतो, टॉनी त्यातून जेफरसनची प्रतिष्ठा वाचवत होते. पण त्या शब्दांवर ड्रेड स्कॉटचा हक्क आहे का, या प्रश्नाला आम्हा दोघांचं उत्तर एकच निघत होतं: नाही. माझा सगळा राग ज्याच्यासाठी होता, त्यालाच मी रिकाम्या हातानं परत पाठवत होतो.

त्याच खटल्यात न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांचं विरोधी मतपत्र आहे. कर्टिस भावनेला हात घालत नाहीत, नोंदी दाखवतात. घटना झाली त्या काळात न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत अटी पुऱ्या करणाऱ्या स्वतंत्र काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क होता, म्हणजे घटनेला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या लोकांत तेही होते. तेव्हा ही घटना फक्त गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केली, हे विधानच वस्तुस्थितीला धरून नाही. इतकी वर्षं हा विषय शिकवून ही गोष्ट मी एकदाही वर्गात सांगितली नव्हती. ती माझ्या मांडणीत बसत नव्हती.

तिथून मी फ्रेडरिक डग्लसकडे पुन्हा वळलो. डग्लस मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मले, 1838 साली पळाले आणि पुढे गॅरिसनचे सर्वांत प्रभावी वक्ते झाले. घटना गुलामगिरीचीच आहे, हे तेही वर्षानुवर्षं सांगत होते. 1849 साली स्वतःच्या ‘नॉर्थ स्टार’ या पत्रात त्यांनी तसं लिहिलं आहे. मे 1851मध्ये सिराक्यूज इथल्या अधिवेशनात मात्र त्यांनी उभं राहून सांगितलं की माझं मत बदललं आहे, ही घटना गुलामगिरीविरुद्ध वापरता येते आणि वापरली पाहिजे. यात काहीतरी लबाडी आहे, असं गॅरिसन तिथल्या तिथे म्हणाले. दोघांचं नातं तुटलं ते पुढे बरीच वर्षं सांधलं नाही.

हा प्रसंग मला ठाऊक होता आणि मी गॅरिसनच्या बाजूचा होतो. डग्लसच्या पत्राला गेरिट स्मिथ या श्रीमंत राजकारण्याचा आधार मिळाला, त्या स्मिथचं मत घटनेच्या बाजूचं होतं, म्हणून डग्लस बदलले, अशी कुजबुज तेव्हाही झाली आणि मलाही ती पटण्यासारखी वाटायची. मग डग्लसनी 21 जानेवारी 1851 रोजी त्याच स्मिथना लिहिलेलं पत्र वाचनात आलं. त्यात ते सांगतात की या वादात गुलाममालकांची बाजू मांडून मांडून मी विटलो आहे. आणि लगेच हेही कबूल करतात की घटनाकारांच्या मनात काय होतं एवढ्यापुरतं बोलायचं तर मालकांचंच म्हणणं निःसंशय बरोबर आहे.

हे वाचून मला बसलेला हादरा टॉनींच्या निकालपत्रापेक्षा मोठा होता. डग्लस भाबडे नव्हते. फिलाडेल्फियात कोणी काय सौदा केला हे त्यांना माझ्याहून कितीतरी चांगलं माहीत होतं, पाठीवरच्या वळांनी माहीत होतं. ते माहीत असूनही त्यांनी ठरवलं की त्या खोलीतल्या लोकांच्या मनाला मी बांधील नाही. लोकांनी मान्यता दिली ती छापील घटनेला. मॅडिसनची टिपणं तर अर्ध्या शतकानंतर बाहेर आली. ती वाचून कुणीही मत दिलं नव्हतं. आणि माणसाचा मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा असेल तर तो निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेला असला पाहिजे, आडून सुचवलेलं चालणार नाही, हा कायद्याचा जुना नियम. त्या घटनेत तर गुलाम हा शब्दच नाही.

इथे माझ्या एका वकील मित्राचं आणि माझं बरंच वाजलं. तो म्हणाला, “अरे, लाज वाटली म्हणून लिहिलं नाही त्यांनी. लाज लपवण्याला तू तत्त्व म्हणतोस?” त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण ती लाज कशी वागली ते जवळून पाहण्यासारखं आहे. 25 ऑगस्ट 1787च्या चर्चेत मॅडिसन म्हणाले की माणसावर मालकी असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चूक ठरेल. पुढे 15 सप्टेंबरला, सह्या होण्याच्या दोन दिवस आधी, पळालेल्यांना परत करण्याच्या कलमात एक बदल झाला. मसुद्यात ‘कायदेशीररीत्या’ सेवेला बांधलेली व्यक्ती असं होतं. तो शब्द काढून तिथे त्या त्या राज्याच्या कायद्यांनुसार बांधलेली, असं घातलं. कारण टिपणांतच दिलं आहे: गुलामगिरी नैतिकदृष्ट्या कायदेशीर आहे असं कुणी त्यातून समजू नये, असं काही जणांना वाटलं. एका हातानं मालकांना हवं ते देत असताना हीच माणसं दुसऱ्या हातानं त्याचा नैतिक आधार काढून घेत होती. त्यामुळे एकाही गुलामाची त्या दिवशी सुटका झाली नाही. पण 64 वर्षांनी डग्लसना बोट ठेवायला जागा मिळाली.

तरीही हे सगळं युक्तिवादाच्या पातळीवर होतं. मला आतून बदललं ते एका निरक्षर बाईनं.

मॅसॅच्युसेट्समधल्या शेफिल्ड गावी कर्नल जॉन ॲशली यांच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री होती. 1773 साली इंग्रजांच्या कायद्यांविरुद्ध गावानं जे ठराव केले, ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष ॲशली स्वतः होते. निसर्गतः सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, अशा आशयाचं त्या ठरावांत होतं. बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान होते. पुढे एकदा मालकिणीनं चुलीतला तापलेला लोखंडी पळा घरातल्याच लिझी नावाच्या मुलीवर उगारला. बेट मध्ये पडली, घाव तिच्या हातावर बसला. सांगतात की तो हात तिनं नंतर कधी झाकला नाही. कुणी विचारलं की काय झालं हे मालकिणीलाच विचारा, असं ती म्हणे.

1780मध्ये मॅसॅच्युसेट्सनं आपल्या राज्याची घटना केली. मसुदा जॉन ॲडम्स यांचा, आणि हक्कांच्या पहिल्याच कलमात सर्व माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात असं विधान. ते बेटच्या कानावर आलं. तिनं थिओडोर सेज्विक या तरुण वकिलाकडे जाऊन विचारलं, की हा कायदा मला लागू होत नाही का? हेच सेज्विक 1773च्या ठरावांच्या वेळी समितीत होते. ऑगस्ट 1781मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात तिचा आणि ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामाचा खटला उभा राहिला. ज्युरीनं दोघांना मुक्त ठरवलं, वर 30 शिलिंग नुकसानभरपाई दिली. तिनं एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं, ॲशलींकडे पगारावर परतायला नकार दिला आणि सेज्विक कुटुंबाकडे काम धरलं. पुढच्या दोन वर्षांत क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांत राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं हीच भूमिका घेतली, आणि 1790च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नाही.

हा शब्द तुझ्यासाठी लिहिलेला नाही, असं एलिझाबेथला सांगणारे शंभर जण तेव्हा भेटले असते. माझ्या जुन्या मताप्रमाणे मीही तेच सांगितलं असतं: बाई, हे ढोंग आहे, यावर जाऊ नकोस. तिला ते ढोंग माझ्याहून जास्त माहीत होतं, ती त्याच घरात राबत होती. ती त्या शब्दांवर भाळली नाही. तिनं ते मालकाच्या तोंडून काढून कोर्टापुढे ठेवले.

यानंतर मला ढोंगाचाच वेगळा विचार करावा लागला. प्रामाणिक दस्तऐवज कसा असतो, तेही इतिहासात आहे. 1861 साली दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि त्यांनी स्वतःची घटना केली. ती बरीचशी जुनीवरूनच उतरवली आहे, पण गुलामांवरच्या मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करता येणार नाही, हे तिच्यात उघड शब्दांत लिहिलं आहे. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी 21 मार्च 1861 रोजी सव्हाना इथल्या भाषणात सांगून टाकलं की जेफरसनच्या पिढीनं समतेवर भिस्त ठेवली ती मुळात चुकीची होती, आमचं नवं सरकार वंशांच्या विषमतेच्या पायावरच उभं आहे. त्यात लपवाछपवी कुठेच नव्हती. बोलणं आणि वागणं तंतोतंत एक. मी ज्या प्रामाणिकपणाची मागणी करत होतो, तो असा दिसतो. दक्षिणेतले धूर्त नेते त्या आधीपासून हे जाणून होते. जॉन कॅलहून यांनी 1848मध्येच सेनेटमध्ये समतेच्या त्या वाक्याला अत्यंत खोटी आणि घातक कल्पना म्हटलं होतं. पोकळ शब्दांना इतकं कुणी घाबरत नाही.

स्टीफन्सच्या कागदावर एलिझाबेथ फ्रीमनला खटला भरता आला नसता. डग्लसना त्यातून काहीही काढता आलं नसतं. 1848मध्ये सेनेका फॉल्सला जमलेल्या स्त्रियांनी जाहीरनाम्याचीच घडण घेऊन आपल्या हक्कांची यादी लिहिली. त्या सभेत डग्लस हजर होते आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाच्या बाजूनं बोलले. अब्राहम लिंकन यांनी 1857मध्ये टॉनींना उत्तर देताना त्या वाक्याकडे गाठायचं माप म्हणून पाहिलं. हे सगळे जण ज्या कागदाचा आधार घेत होते, तो पाळला जात नव्हता हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आपल्याकडची दोन माणसं मला या टप्प्यावर नव्यानं उमगली. टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचून घडलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी जे औदार्य आणि त्याग दाखवला त्याबद्दल. पूर्वी मला ही अर्पणपत्रिका जोतीरावांच्या मोठ्या मनाची खूण वाटायची, अमेरिकेबद्दलचा त्यांचा अंदाज नव्हे. आता मला वाटतं की त्यांची पारख अचूक होती. त्यांनी देशाला किंवा घटनेला प्रणाम केला नाही. आपल्याच देशाचं वचन देशाकडून वसूल करणाऱ्यांना केला. दुसरे बाबासाहेब. 25 नोव्हेंबर 1949च्या घटना समितीतल्या भाषणात, घटना बदलण्याची वाट मोकळी का ठेवली हे सांगताना ते जेफरसनचा आधार घेतात: एक पिढी दुसऱ्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, अमेरिकेतली गुलामगिरी आणि आपली अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिणारे बाबासाहेब. जेफरसनच्या घरी काय होतं हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच भाषणात त्यांनी बजावलं की 26 जानेवारी 1950ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात विषमता. ती विसंगती दिसत असूनही त्यांनी कागदावरचा समतेचा शब्द खोडला नाही.

माझं मत बदललं म्हणजे मी फिलाडेल्फियाच्या त्या 39 जणांची आरती करू लागलो असं नव्हे. घटनाकारांच्या हेतूबद्दल वेंडेल फिलिप्स यांनी जे लिहिलं ते मी आजही खरं मानतो. आणि एलिझाबेथचं नाव घेताना ओना जजचं नाव घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. ओना ही अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरची गुलाम. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियाला होती. पेन्सिल्वेनियाच्या कायद्यानं बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला की मुक्तीवर हक्क सांगू शकत असे, म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर पाठवून परत आणत. मे 1796मध्ये ओना पळाली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचे प्रयत्न केले, ते फसले. ती 1848मध्ये वारली, तोवर कायद्याच्या नजरेत फरारीच होती. एलिझाबेथला राज्याच्या घटनेनं सोडवलं. ओनाच्या मानेवर संघराज्याच्या घटनेतलं पळालेल्यांना परत करण्याचं कलम शेवटपर्यंत टांगलेलं राहिलं. संघराज्याच्या घटनेत सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारा शब्द आला तो 1868च्या चौदाव्या दुरुस्तीनं, यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेल्यानंतर.

माझा वकील मित्र हे सगळं ऐकून शांतपणे मिसिसिपी म्हणतो. 1870च्या पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. 1890मध्ये मिसिसिपीनं नवी राज्यघटना करून मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा लावली, काळ्या मतदारांची नावं यादीतून गेली, आणि 1898मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला हरकत घेतली नाही. शब्द जागेवर होता, 1965च्या मताधिकार कायद्यापर्यंत माणसं बाहेर होती. “तुझ्या वचनानं या 75 वर्षांत काय केलं?” असं तो विचारतो. वचनानं आपण होऊन काही केलं नाही, हे मी मान्य करतो. ज्यांनी केलं त्यांनी मार खाल्ला, नोकऱ्या गमावल्या, जीव गमावले. आणि तुमचं सोसणं सत्कारणी लागलं, असं त्यांना सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला नाही. तो अधिकार डग्लसना होता, आणि त्यांनी बाजू निवडली.

आता हा विषय शिकवताना मी निकाल सांगून सुरुवात करत नाही. अर्ध्या वर्गाला गॅरिसनची बाजू देतो, अर्ध्या वर्गाला डग्लसची, आणि दोघांनाही आधी ते जानेवारी 1851चं पत्र वाचायला लावतो. गॅरिसनची बाजू घेणारी मुलं बहुधा जास्त त्वेषानं बोलतात, त्यांचे पुरावेही भक्कम असतात. कुणी विचारलंच की सर, तुम्ही कुणाकडचे, तर मी डग्लसचं नाव घेतो आणि पूर्वी कुणाकडचा होतो तेही सांगतो.